प्रबंध अडलाय, आणि गाइडचा फोन उचलवत नाही

पत्र थोडक्यात असं :

नागपुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले एक प्राध्यापक लिहितात. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेली आहे, नोकरी कायम आहे. पीएच.डी.च्या नोंदणीला चौथं वर्ष लागलंय; विषय महानुभाव गद्याचा, म्हणजे चक्रधरस्वामींच्या पंथातल्या जुन्या मराठी गद्याचा. ओळख पटू नये म्हणून विषय इतकाच सांगते, बाकी काही तपशील बदलले आहेत. आठवड्याचे सोळा तास, त्यात बी.कॉम.चा खच्चून भरलेला मराठीचा वर्ग. विभागातली एक जागा रिकामी. वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या, तिसऱ्या निकषाची फाइल यांच्याच टेबलावर. वर्षभरापासून तासाला जायच्या आधी छाती धडधडते, तळहात ओले होतात, स्टाफरूमपासून वर्गापर्यंतचा जिना चढवत नाही. एकदा तास अर्ध्यात सोडून बाहेर पडले. मुलांना सांगितलं, पित्त झालं. साडूंकडून आणलेली झोपेची गोळी अधूनमधून अर्धी घेतात. गाइड मॅडमना दिवाळीआधी शब्द दिला होता, दुसरं प्रकरण पंधरा दिवसांत देतो. ते अजून झालेलं नाही. आता मॅडमचा फोन वाजला की तो थांबेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसतात. वर मुदत संपेल ही धास्ती, आणि पैसे घेऊन आठ दिवसांत शोधनिबंध छापून देणाऱ्या एका जर्नलवाल्याचा मेसेज. बायकोला वाटतं, प्रकरण कधीच देऊन झालंय. आई म्हणते, "काहून एवढं टेन्शन घेतं रे बाप्पा, नोकरी तं पक्की हाय."

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत : "शिकवण्यातच सगळा दिवस जातो, संशोधन होत नाही. संशोधन होत नाही म्हणून वर्गात उभं राहायची लाज वाटते. कोणी अवघड प्रश्न विचारला तर माझं सोंग उघडं पडेल असं वाटतं. कोलत्यांसारखी [महानुभाव वाङ्मयाचे संशोधक वि. भि. कोलते] माणसं याच विदर्भात केवढं काम करून गेली आणि मला एक प्रकरण लिहिता येत नाही. ही भीती एकदा गेली की मी लिहीन. तोवर पीएच.डी. सोडून द्यावी का?"

नमस्कार सर,

आधी तब्येतीचं बोलून घेऊ, मग प्रबंधाकडे वळू.

धडधड, घाम, जिना न चढवणं ही लक्षणं मनाचीच आहेत हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंय. तसं असेलही. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसानं आधी साध्या डॉक्टरांकडे जावं, ईसीजी काढावा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर बघून घ्यावी. थायरॉइड वाढलेलं असलं तरी छाती अशीच धडधडते आणि मग माणूस उगाच स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतो. रिपोर्ट नीट आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खासगीत जायचं नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं कोणी ओळखीचं भेटेल या धास्तीनं पाय अडत असेल तर सुरुवातीला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

साडूंची गोळी मात्र आता नको. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि रोज घेत असाल तर त्या एकदम बंद करणंही बरं नसतं. म्हणून डॉक्टरांना पाकीट दाखवा, लपवू नका. ते कदाचित वेगळं औषध देतील. चिंतेवरची नेहमीची औषधं लागू पडायला काही आठवडे घेतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. आणि कधी जगणंच नको असं मनात आलं तर मात्र ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी घेऊन दवाखान्यात जायचं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. पण हे सदर वाचणारे तुम्ही एकटे नाही.

आता पत्रातलं तुमचं वाक्य घेऊ : ही भीती एकदा गेली की मी लिहीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे 'घेऊन जा गे मारबत' म्हणत इडापिडा गावाबाहेर धाडतात, तशी ही भीती कोणी एका दिवशी उचलून नेईल आणि मोकळ्या अंगणात तुम्ही टेबल मांडून बसाल, असं चित्र तुमच्या डोक्यात आहे. चिंता तशी जात नाही. त्या दिवशी तुम्ही वर्गातून बाहेर आलात, पाणी प्यालात, पाच-दहा मिनिटांत धडधड थांबली. ती तशीही थांबली असती; घबराटीचा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. पण तुमच्या शरीरानं वेगळाच हिशेब मांडला : बाहेर पडलो म्हणून वाचलो. पुढच्या तासाला त्यानं जिन्यातच घंटा वाजवली. मॅडमच्या फोनचंही तेच झालं. नाही उचलला, तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची किंमत दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल झाली. दिवाळीत तुमच्याकडे फक्त न लिहिलेलं प्रकरण होतं. आज न लिहिलेलं प्रकरण आहे, न उचललेले फोन आहेत, घरी सांगितलेली थाप आहे आणि वर्गात सांगितलेलं पित्त आहे.

मला तुमच्या पत्रात कामाच्या ओझ्यापेक्षा या लपवाछपवीचं ओझं जास्त दिसतं. मॅडमपासून लपायचं, विभागप्रमुखांसमोर हसून वेळ मारून न्यायची, बायकोला खोटं सांगून ते लक्षात ठेवायचं, मुलांसमोर सगळं येतं असा चेहरा करायचा. एवढी चार नाटकं एकाच वेळी चालवून कोण माणूस संध्याकाळी पोथी वाचेल? माझं म्हणणं एवढंच आहे की लिहिणं सुरू करण्याआधी हे लपणं कमी करा. सगळं एकदम नको. कोणापासून सुरुवात करायची ते खाली सांगते.

त्याआधी शिकवणं आणि संशोधन यांच्या भांडणाबद्दल. शिकवण्यातच सगळा दिवस जातो, असं तुम्ही लिहिता. खरंच जातो का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं आणि एकूण काम ४० तासांचं धरलेलं आहे. मधले २४ तास तयारी, पेपर तपासणं, मुलांना भेटणं आणि संशोधन यांच्यासाठी आहेत. ते कोण खातंय? एक आठवडाभर कागदावर मांडून बघा. मोबाइलवर नको, साध्या वहीत. शिकवणं, तयारी आणि तपासणी, कागदपत्रं, आणि चौथा रकाना काळजीचा. लॅपटॉप उघडून, फाइलचं नाव वाचून, बंद करून, परत उघडून जे तास जातात ते चौथ्या रकान्यात लिहायचे. माझा अंदाज असा की शिकवण्याचा रकाना तुम्हाला वाटतो तेवढा फुगलेला नसेल. कागदपत्रांचा आणि काळजीचा असेल.

कागदपत्रांच्या रकान्याला तुम्ही एकटे जबाबदार नाही, हे स्पष्ट लिहिते. जागा भरल्या जात नाहीत, नव्या शैक्षणिक धोरणानं विषयांच्या नव्या टोपल्या आल्या, प्रत्येक टोपलीचा अहवाल आला, फोटो आले, फोटोंना जिओटॅग आले. नॅकचा तिसरा निकष म्हणजे संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्य. म्हणजे अख्ख्या कॉलेजानं किती संशोधन केलं याची फाइल तुम्ही लावता आणि त्यापायी स्वतःचं संशोधन राहतं. यावर हसावं की रडावं कळत नाही. पण यावर प्राणायामाचा सल्ला देणाऱ्यांपैकी मी नाही. प्राचार्यांना एक लेखी विनंती करा : पीएच.डी.चं काम अमुक टप्प्यावर आहे, पुढच्या एका सत्रापुरता निकषाचा प्रभार दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावा किंवा दोघांत विभागून द्यावा. एक सत्र म्हटलं की नाही म्हणणं त्यांना जड जातं. 'मला झेपत नाही' असं लिहू नका, आजाराचंही नाव घालायची गरज नाही. तब्येत हा तुमचा खासगी मामला आहे, आणि आपल्या स्टाफरूम मी चांगल्या ओळखते. नकार आला तर निदान तो कागदावर आला. तोंडी कुरकुरीची नोंद कुठंच राहत नाही.

वर्गाचं म्हणाल, तर तो संशोधनाचा शत्रू आहे असं मला वाटत नाही. तुमच्या बाबतीत तर नाहीच. तुमच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात प्राचीन गद्य असेल, लीळाचरित्रातल्या लीळा, म्हणजे चक्रधरांच्या आठवणी, असतील. ज्या लीळेवर प्रकरणात चार पानं अडली आहेत तीच वर्गात घ्या. अर्थ सांगून मोकळे होऊ नका. मुलांना विचारा, यात बोलतंय कोण, गप्प कोण बसलंय? देवळी, काटोल, उमरेडकडून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीला त्या भाषेतला एखादा शब्द घरातला वाटेल आणि ती तुम्हाला असं काही सांगेल जे कोशात सापडणार नाही. विदर्भात बसून महानुभाव गद्य शिकवण्याची ही चैन आहे. पुण्या-मुंबईच्या वर्गाला ती सहज मिळत नाही. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बसून पाच ओळी लिहून ठेवा. प्रकरणाची ती कच्ची सामग्री.

बी.कॉम.च्या वर्गाबद्दल माझं मत जरा रोखठोक आहे. तिथं तुम्ही फार मेहनत करू नका. चांगलं शिकवा, वेळेवर जा, पण प्रत्येक तासाला नवी स्लाइड करायची काही गरज नाही. गेल्या वर्षीच्या टिपणांवर यंदा शिकवलं म्हणून कोणाचं वाटोळं होत नाही.

तिथं जाताना धडधडलं तर काय? सुरुवातीचे काही दिवस पहिली सात-आठ मिनिटं स्वतः बोलूच नका. दोघा-तिघांकडून उतारा मोठ्यानं वाचून घ्या. तुम्ही फळ्याशी उभे, पाण्याची बाटली जवळ. धडधड येईल. येऊ द्या. मुलगा वाचतोय, त्याच्या उच्चारांकडे कान ठेवा. ती उतरेपर्यंत वर्गात राहायचं, एवढंच उद्दिष्ट. काही आठवडे असं टिकलात की शरीराला नवा हिशेब समजतो. तज्ज्ञांकडे गेलात तर तेही याच दिशेनं काम करून घेतील, अधिक पद्धतशीर. आणि तासाआधीचा दुसरा चहा बंद. कडक चहानं धडधड वाढते, आणि टपरीवरचा चहा कडकच असतो.

अवघड प्रश्न आला तर सोंग उघडं पडेल, या भीतीबद्दल तुमच्याच विषयातला दाखला देते; तुम्हाला तो माहीत आहे, पण स्वतःला लावून पाहिला नसेल. महदाइसा या आपल्या शिष्येला चक्रधरांनी नावाजलं ते तिला सगळं येत होतं म्हणून नाही. ती सारखी काही ना काही विचारत असे, म्हणून. जी परंपरा विचारणाऱ्या म्हातारीला एवढा मान देते तिच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसानं विद्यार्थ्याच्या प्रश्नाला घाबरावं? "हे मला बघावं लागेल, पुढच्या तासाला सांगतो" हे वाक्य म्हणा आणि पुढच्या तासाला खरंच सांगा. मुलं त्या शिक्षकाची टर उडवत नाहीत. खोटं उत्तर ठोकून देणाऱ्याची उडवतात, तीही पाठीमागे.

कोलत्यांचं. वि. भि. कोलते हे नाव तुम्ही छडीसारखं वापरताय. १९०८ चा जन्म, प्राध्यापकी, नागपूर विद्यापीठाचं कुलगुरूपद, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, आणि त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढलं ते १९७८ साली. म्हणजे सत्तरीला. आपण तो जाडजूड ग्रंथ हातात घेतो, त्यामागची वर्षं हातात येत नाहीत. आणि त्यांचं काम हे तुमच्या कामाचं माप नाहीच. तुमचा प्रबंध त्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून जाणार आहे. पोथ्या मिळवणं, पाठ लावणं, संहिता छापील रूपात आणणं हे सगळं त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी केलं म्हणून तुम्हाला आज एक नेमका प्रश्न घेऊन बसता येतं. पीएच.डी.चा प्रबंध ही संशोधन करता येतं हे दाखवणारी परीक्षा असते. ते आयुष्याचं काम असावं असा आग्रह कोणी धरला?

आणखी एक. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी लीळा कशा जमवल्या ते आठवा. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारलं, चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांपुढे ठेवून खात्री करून घेतली. एकाच प्रसंगाचं दोघांनी वेगळं सांगितलं असेल तर ते वेगळेपण पोथ्यांतून नोंदलेलं राहिलं. मूळ प्रत पुढे धामधुमीत गेली, तेव्हा ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ती पुन्हा उभी राहिली. म्हणजे मराठीतला हा आरंभीचा मोठा गद्यग्रंथ अर्धवट असताना कोणाला तरी दाखवला गेला, दुरुस्त झाला, परत लिहिला गेला. तुम्ही मात्र पूर्ण झाल्याशिवाय कोणाला दाखवणार नाही म्हणता.

म्हणून लपणं सोडायची सुरुवात मॅडमपासून करा. फोन नको वाटत असेल तर आज रात्री व्हॉट्सॲप करा. मजकूर मीच देते, हवा तर जसाच्या तसा उतरवा :

"मॅडम, नमस्कार. दुसरं प्रकरण वेळेत देऊ शकलो नाही, आणि त्या संकोचानं तुमचे फोनही घेतले नाहीत. माफ करा. प्रकरण पूर्ण नाही. सध्या बारा-तेरा पानं कच्ची आहेत. शुक्रवारी ती तशीच घेऊन येऊ का? पुढं कसं जावं यावर अर्धा तास बोलायचं आहे."

पानांचा आकडा खरा घाला. तीन असतील तर तीन लिहा. कारणांची यादी देऊ नका, तब्येतीचं सांगायचं की नाही ते भेटल्यावर ठरवा. मॅडम रागावतील का? रागावतीलही, दोन-चार मिनिटं. गाइडलाही आपल्या विद्यार्थ्याची नोंदणी वाया गेलेली परवडत नाही. गायब झालेल्या विद्यार्थ्याशी काय करावं हे त्यांना कळत नसतं. तीन पानं घेऊन समोर बसलेल्याशी काय करावं हे बरोबर कळतं.

आता ती पानं कशी वाढवायची. तुम्ही 'मोकळा वेळ' शोधताय, आणि तो उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळेल अशी आशा आहे. नागपूरचा मे महिना, पंचेचाळीस डिग्री, कूलरचा घरघराट, परीक्षेचे गठ्ठे तपासणीला. तेव्हा काय लिहिणार? त्यापेक्षा रोज सकाळी आंघोळीआधी चाळीस मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आदल्या रात्री एकच लीळा निवडून, पुस्तकात खूण घालून टेबलावर ठेवायची. सकाळी कागदावर : प्रसंग कुठे घडतो, कोण कोण आहे, पहिला प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाला मिळतं, आणि मला यात काय दिसतं. दहा ओळी झाल्या की बस. संदर्भ शोधायला उठायचं नाही. 'इथं कोलते बघणे' असं कंसात लिहून पुढं जायचं. रविवारी या दहा-दहा ओळी एकत्र टाइप करायच्या. प्रकरणाची प्रस्तावना सगळ्यात शेवटी. माझी खात्री आहे की तुम्ही प्रस्तावनेतच अडकला आहात, 'सैद्धांतिक चौकट' नावाच्या पाचव्या पानावर.

ती चौकट जरा सैल करा. नागदेवाचार्यांनी केशवदेवांना संस्कृतात लिहू नका म्हणून सांगितलं, कारण त्यानं पंथातल्या, संस्कृत न येणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. ही आठवण स्मृतिस्थळ या ग्रंथातली, आणि तुम्ही ती वर्गात दरवर्षी सांगत असणार. मग स्वतःच्या प्रबंधात स्वतःलाच न समजणारी परिभाषा कोणासाठी पेरताय? सिद्धांत लागेल तिथं लागेलच. पण आधी लीळेत काय दिसलं ते साध्या मराठीत.

रिद्धपूरला, महानुभावांच्या तीर्थक्षेत्री, जाऊन पोथ्या बघून यायचं तुमच्या मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. जरूर जा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, मराठी भाषा विद्यापीठही आता तिथं झालंय. फक्त मॅडमना पानं दाखवून मग जा. पोथ्या बघायला जाणं हा न लिहिण्याचा फार सोज्वळ बहाणा आहे. मी मी म्हणणारे त्यात पाच-पाच वर्षं रमलेले पाहिलेत.

सोडण्याबद्दल. तुम्ही 'तोवर सोडावी का' विचारलंत. तोवर सोडण्याची सोय नसते. सोडली की सोडली. पण सोडणं हा पर्याय लाजिरवाणा नाही, म्हणून त्याचा नीट विचार करू. तुमची नोकरी नेटवर आहे, ती पीएच.डी. नसल्यानं जात नाही. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी मात्र पीएच.डी. लागते, म्हणजे पदोन्नती आणि पगाराची पुढची पायरी अडेल. तेवढं चालणार असेल, आणि विषयातला रसच आटला असेल, तर खुशाल सोडा आणि उत्तम शिक्षक व्हा. पण तुमच्या पत्रात महानुभाव गद्याबद्दलच्या ओळी वेगळ्याच हातानं लिहिल्यासारख्या आहेत. रस आटलेला माणूस असं लिहीत नाही. म्हणून निर्णय आत्ता नको. औषध किंवा समुपदेशन सुरू होऊन काही महिने जाऊ द्या, मॅडमशी दोन-तीन बैठका होऊ द्या, मग ठरवा. घाबरलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय पुढं दिवसरात्र खटकत राहतो.

मुदतीची धास्ती तर तुम्ही विनाकारण घेतलीय. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.ला जास्तीत जास्त ६ वर्षं, आणि पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. तुमची नोंदणी त्या नियमांखालची दिसते, विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन स्वतःची तारीख आणि विद्यापीठाचा आदेश एकदा बघून घ्या, सहकाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेला असण्याची अटही त्या नियमांत राहिलेली नाही. तेव्हा पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या त्या जर्नलवाल्याचा मेसेज डिलीट करा. त्यानं 'केअर लिस्टेड', म्हणजे आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीतलं, म्हटलं म्हणून काही होत नाही. ती यादी बंद केल्याचं आयोगानंच फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलंय. अभ्यास रजेचीही तरतूद आहे. पण बदली शिक्षक मिळाल्याशिवाय ती मंजूर करून घेणं जिकिरीचं, आणि आत्ताच्या मनःस्थितीत घरी एकटं बसणं तुम्हाला मानवेल असं मला वाटत नाही. एखादं वर्ष थांबून, प्रबंधाची शेवटची मोळी बांधायला ती वापरा.

याच स्वरूपाची पत्रं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांकडूनही येतात, अधिछात्रवृत्तीवर जगणाऱ्या मुलामुलींकडूनही. त्यांना रजा नाही, प्रभार नाकारायची सोय नाही, आणि सकाळी महालातलं एक कॉलेज, दुपारी हिंगण्याकडचं दुसरं अशी धावपळ. त्यांना मी वेळेचं नियोजन शिकवणार नाही. एवढंच सांगते : गाइडला खरी परिस्थिती सांगून ठेवा, प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढं जे काही असेल ते घेऊन हजर राहा, आणि आपल्यासारखे आणखी दोघं-तिघं शोधा. आठवड्यातून एकदा एखाद्या वाचनालयात एका टेबलावर बसा. एकमेकांचा प्रबंध वाचायची गरज नाही. समोरचा लिहितोय हे दिसलं तरी हात चालतो. सर, हे तुम्हालाही लागू आहे.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांना खरं सांगायची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, असं पत्रावरून दिसतं. त्यांच्याबद्दलचा मजकूर तुम्ही दोनदा खोडलाय. रात्री नका सांगू, रात्री सगळंच मोठं वाटतं. रविवारी सकाळी तर्री-पोहे आणायला दोघं बाहेर पडाल तेव्हा, चालता चालता सांगा : प्रकरण दिलेलं नाही, आणि मला वर्गात जायला त्रास होतोय. दोन्ही वाक्यं एकत्र. नुसतं पहिलं सांगितलं तर त्या खोटं बोललात म्हणून भांडतील, आणि ते रास्तच असेल. दुसरं सोबत असलं की भांडण उरकून त्या डॉक्टरांची वेळ घेतील. आईंना इतक्यात काही सांगू नका. नोकरी पक्की हाय, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि त्यावर वाद घालून तुमच्या हाती काही लागणार नाही.

सल्लागार समितीची पुढची बैठक कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही माहीत नसावं. मॅडमना पाठवायच्या त्या मेसेजच्या शेवटी तेवढं विचारून घ्या.